नसलेली पाचर

माझी बायको चारचौघांत सांगते, ह्यांच्या पोटात काही राहत नाही. लोक हसतात, मीही हसतो. तिला खरंच तसं वाटतं — आणि का वाटू नये? पगार, आजारपण, भावाशी धरलेला अबोला, सगळं मी तिला सांगत आलो. एक सोडून. ते एक आज तुम्हाला सांगायला बसलो, तर सुरुवात बायकोपासून करतो आहे, डोंगरापासून नाही. म्हणजे अजून टाळतोच आहे.

डोंगर म्हणावा एवढा तो मोठा नाही. चाकणच्या अलीकडे, नाशिक रस्त्यापासून थोडी आत, काळ्या खडकाची एक टेकडी. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा एका कारखान्याने तिची पूर्वेची बाजू कापली. त्यांना खडी हवी होती आणि सपाट जागाही हवी होती. कापून झाल्यावर मागे एक उंच, उघडी भिंत राहिली. तिच्या पायथ्याशी वस्ती होती, पंधरावीस घरांची. कारखान्याच्या, रस्त्याच्या, सगळ्याच्या आधीपासूनची.

ती भिंत पडेल का? प्रश्न एवढाच होता. त्याचं उत्तर द्यायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं.

आमचं ऑफिस चिंचवडला होतं. कारखान्यांचे पाये, टाक्या, रस्ते यांची गणितं करून देणारी सल्लागार मंडळी. मी तिथला सगळ्यात तरुण इंजिनिअर. वडील पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर, तिन्ही शिफ्टमध्ये. आम्ही चाळीच्या दोन खोल्यांत वाढलो. कॉलेजात असताना मी कॉम्प्युटर शिकलो होतो. शिकलो म्हणजे काय — प्रोग्रॅम लिहायचा, त्याप्रमाणे कार्डांना भोकं पाडून घ्यायची, तो गठ्ठा पुण्यातल्या एका सेंटरच्या खिडकीत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आणायला जायचं. एक कार्ड इकडचं तिकडे झालं तर दिवस फुकट. पण ते लांबरुंद छापील कागद हातात आले की मला वाटायचं, आता मी एकटा नाही. माझ्यामागे कोणीतरी मोठं उभं आहे. एकदा मी असा कागद घरी नेला होता. वडिलांनी हात पुसून तो धरला. त्यांना त्यातलं काही कळलं नसावं. तरी बराच वेळ बघत राहिले.

खडकाच्या उतारासाठीचा प्रोग्रॅम मीच लिहिला होता, साहेबांच्या मागे लागून लागून. कल्पना तशी साधी. खडक अखंड नसतो. त्यात भेगा असतात, आणि त्या तिरक्या असतात. एखादी भेग मोकळ्या बाजूला कलत असेल तर वरचा खडक तिच्यावरून घसरू शकतो. कधी एकटी भेग काही करत नाही, पण दोन भेगा एकमेकींना छेदतात आणि मधला तुकडा पाचरीसारखा सुटा होऊन बाहेर येतो. शंभरावर भेगा मोजल्या तर त्यांच्या जोड्या हजारो होतात. हाताने कोण तपासणार? मशीन तपासतं. खडकाला धरून ठेवणारा जोर, भागिले खाली ओढणारा जोर. उत्तर एकाच्या वर आलं तर डोंगर उभा राहणार. खाली आलं तर —

भेगा मोजल्या पाटणकरबाईंनी. आमच्या ऑफिसातल्या भूगर्भशास्त्राच्या त्या. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या. पदर खोचून, पायांत कॅनव्हासचे बूट घालून, हातोडी आणि दिशा मोजायचा कंपास घेऊन त्या उन्हात खडकावर चढत, आणि खाली उभ्या असलेल्या पुरुषांना वाटेतून बाजूला व्हायला सांगत. ऑफिसात साहेबांशी वाद घालणाऱ्या त्या एकट्याच. मला त्या 'अरे' म्हणत. दुपारी डबा उघडला की आधी माझ्यापुढे सरकवत. खडकाचं जे थोडंफार मला येतं, ते त्यांनी शिकवलेलं.

टेकडीबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं. भेगा उत्तरेला, ओढ्याकडे कलतात, वस्ती पूर्वेला आहे. घसरायचं झालंच तर खडक ओढ्यात जाईल, घरांवर नाही. पण साहेबांना अहवालात आकडा हवा होता. आणि आकडा द्यायला मी होतोच.

आता एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. एक पाट तिरका ठेवा. त्याची वरची कड एका दिशेला पसरलेली असते, आणि पाट कलतो तो दुसऱ्याच दिशेला, कडेशी काटकोनात. जुन्या पद्धतीने शिकलेली माणसं भेगेच्या कडेची दिशा नोंदवतात. बाई तशीच नोंदवत. माझ्या प्रोग्रॅमला हवी होती कलाची दिशा. म्हणजे प्रत्येक आकडा काटकोनातून फिरवून घ्यायचा. बाईंनी हे मला सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. आणि विसरलो. आकडे जसेच्या तसे कार्डांवर गेले, आणि उत्तरेला कलणाऱ्या भेगा माझ्या गणितात पूर्वेला कलल्या. वस्तीकडे.

उत्तर एकाच्या खाली आलं.

थांबा. हा माझा गुन्हा नव्हे. विसरलो, ही चूक झाली, आणि चूक कोणाकडूनही होते. तेवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला असता का?

साहेबांनी आकडा पाहिला आणि गंभीर झाले. माणूस वाईट नव्हता तो. आपण माणसं वाचवतो आहोत असं त्यांना मनापासून वाटलं. कारखान्याला वस्तीची जागा आधीपासून हवीच होती, त्यामुळे तिकडे कोणी हरकत घ्यायचा प्रश्न नव्हता. बाई एवढंच म्हणाल्या की मला हे पटत नाही. पण पटत नाही हा काही आकडा नव्हे. अहवाल गेला, आणि काही आठवड्यांत सरकारी कचेरीतून हुकूम निघाला — पावसाळ्याच्या आत वस्ती हलवा. भिंतीपासून कुठवर धोका आहे ते जमिनीवर आखून द्यायला साहेबांनी मला पाठवलं.

तोवर मी ती टेकडी पाहिलेली नव्हती. खरं सांगतो. जिच्याबद्दल मी निकाल दिला होता ती टेकडी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

बरोबरची माणसं हद्दीची पांढरी फक्की टाकत होती. मी सहज भिंतीच्या कडेने उत्तर टोकापर्यंत गेलो, आणि भेगा दिसल्या. कपाटात कलंडलेल्या पुस्तकांसारख्या, एकीला लागून एक. सगळ्या ओढ्याकडे कललेल्या. कंपासची गरज नव्हती. सूर्य कुठे आहे हे कळलं तरी पुरे होतं. मी पूर्वेला तोंड करून उभा राहिलो, मग उत्तरेला. मला शंका आली नाही — मला कळलं. तिथल्या तिथे, लख्ख.

परत फिरलो तर पहिल्या घराची बाई पाणी घेऊन उभी होती. हौसाबाई तिचं नाव, साठीची असेल. तिचा नवरा माझ्यासमोरून विहिरीवर गेला आणि भरलेली कळशी घेऊन आला. तो आंधळा आहे हे मला ती सांगेपर्यंत कळलं नाही. हातात काठी नव्हती, कुठे चाचपडणं नव्हतं. त्या आवारातला दगडन्‌दगड त्याच्या पायांना पाठ होता.

हौसाबाईने पाणी दिलं आणि विचारलं, "सायब, तुमी शिकल्याली मानसं. खरं सांगा, डोंगर पडनार हाय का न्हाई?"

हे तिने मलाच विचारलं. मला कळल्याला अजून घटकाही झाली नव्हती.

मी म्हणालो, "पडणार."

"मंग जायाला पायजे," ती म्हणाली. भांडली नाही, रडली नाही. माझ्या हातातून रिकामा तांब्या घेतला आणि आत गेली.

त्यानंतर मी काय केलं? कार्डं नव्याने पाडून घेतली. या वेळी प्रत्येक दिशा फिरवून. ऑफिसात न सांगता गठ्ठा सेंटरला दिला. उत्तर एकाच्या कितीतरी वर आलं. तो कागद मी तिथल्याच टोपलीत टाकला आणि बसने चिंचवडला आलो. म्हणजे बघा, मला नक्की माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मी स्वतःला ठेवली नाही.

साहेबांच्या खोलीचं दार उघडं असायचं. वस्ती अजून जागेवर होती. जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी काय विचार करत होतो? की मशीनला पुन्हा कोणी हात लावू देणार नाही. की म्हणतील, चाळीतलं पोरगं, झेपलं नाही त्याला. आणि वर स्वतःची समजूत — चूक झाली ती सुरक्षित बाजूला झाली, घर हलवल्याने कोणी मरत नाही. हे शेवटचं वाक्य मी इतकं घोळवलं की पुढे पुढे ते मला खरं वाटू लागलं.

एवढं सांगितलं आणि वाटतंय, झालं. पण नाही झालं. मी अजून तिथे पोचलोच नाही.

एका सकाळी पाटणकरबाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. आवाज नेहमीचा, आरोप करणारा नव्हता.

"मी दिलेल्या दिशा फिरवून घेतल्या होत्यास ना रे?"

त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला. मला आयता रस्ता करून दिला. नाही बाई, विसरलो — एवढं म्हटलं असतं तर त्या माझ्याबरोबर साहेबांकडे आल्या असत्या, मला ठाऊक आहे. कदाचित बोलणंही त्यांनीच केलं असतं.

"हो बाई, घेतल्या," मी म्हणालो.

"मग पूर्वेला कसं येतं?"

आणि मी — हे मी कुठून आणलं? ठरवून आलो नव्हतो. जिभेवर तयारच होतं. "पाचर आहे बाई. दोन भेगांची मिळून. एकेक बघितली तर ती दिसणार नाही."

कुठल्या दोन भेगा, त्यांनी विचारलं. प्रोग्रॅम जोडी छापत नाही, फक्त सगळ्यात लहान आकडा छापतो, असं मी सांगितलं. हे मात्र खरं होतं. जोडी छापून घेता येईल का, असं त्यांनी विचारल्यावर मी म्हणालो, सेंटरची वेळ आता इतक्यात मिळणार नाही. ते खोटं होतं.

त्या आपल्या टेबलाशी गेल्या आणि ती पाचर शोधू लागल्या.

हाताने असं काही शोधायचं तर तेव्हा पारदर्शक कागदावर एक मोठं वर्तुळ काढत आणि त्यात प्रत्येक भेगेसाठी एक वळणदार रेघ. दोन रेघा जिथे छेदतील तिथे पाचरीची दिशा. बाईंनी शंभरावर रेघा काढल्या आणि एकेक छेद तपासायला घेतला. कितीतरी दिवस. बाकीची कामं आटोपली की त्या कागदांवर वाकत. त्यांचं टेबल माझ्यासमोर होतं. मान वर केली की मला त्या दिसायच्या, चष्मा कपाळावर, एका हाताने कागद धरलेला. मी त्यांना चहा नेऊन द्यायचो. त्या न बघता कप बाजूला ठेवायच्या, आणि त्यावर साय यायची.

मला वस्तीचं वाईट वाटतं. पण जीव आजही आक्रसतो तो या आठवणीने. ती बाई शोधत होती आणि मला ठाऊक होतं की तिथे काही नाही.

एकदा त्यांनी मला हाक मारली. म्हणाल्या, माझे डोळे शिणलेत, तू बघतोस का जरा? मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो. आणि शोधलं. त्यांच्याबरोबर, पेन्सिल हातात घेऊन, एकेका छेदावर टेकवत, "ही नाही... ही पण नाही" म्हणत. तुम्ही विचाराल, कसं जमलं? मीही विचारतो. जमलं. सोपं गेलं.

त्याच सुमाराला वस्ती हलली. कारखान्याने ट्रक दिले होते. बायका भांडी हातात धरून बसल्या, शेळ्या मागच्या ट्रकमध्ये. मी गेलो नव्हतो. ऑफिसातला एकजण पाहून आला आणि सांगत होता की सगळं शांतपणे पार पडलं. ते ऐकून बाईंनी टेबलावरचे कागद गोळा केले, एकावर एक लावले आणि गुंडाळी करून कपाटात ठेवली.

"माझ्या नजरेतून सुटली रे," त्या मला म्हणाल्या. "बरं झालं तू होतास. माझ्या भरवशावर राहिले असते तर ती माणसं..."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

नंतर साहेबांनी उतारांची आणखी कामं घेतली. माझं टेबल बदललं, पगार वाढला. बाई खडकावर जायच्या कमी झाल्या. पूर्वी साहेबांचं बोलणं तोडून मत सांगणारी बाई आता "मला असं वाटतं, पण तुम्ही तपासून घ्या" म्हणू लागली. तिच्या मोजमापांवर कोणी बोट ठेवलं नव्हतं, तिचं तिनेच ठेवलं होतं. दोनेक वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली आणि राजगुरुनगरला एका शाळेत भूगोल शिकवायला लागल्या. निरोपाच्या चहाला मी दोन शब्द बोललो. चांगले बोललो, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वस्तीच्या नव्या जागेवर मी एकदाच गेलो. का गेलो? सांगायला नव्हे. बहुधा सगळं ठीक आहे असं बघून यायला. जागा हमरस्त्याला लागून होती. घरं सारखी, ओळीत, पत्र्याची. पाण्याचा हापसा रस्त्याच्या पलीकडे, आणि मधून ट्रकमागून ट्रक. हौसाबाईने मला ओळखलं आणि चहा टाकला. तिचा नवरा दारातल्या बाजेवर बसला होता. हौसाबाई म्हणाली, इथं आल्यापासून मालक उठत न्हाईत, उठून जातील कुठं? तक्रारीच्या सुरात नाही, हवापाण्याबद्दल सांगावं तशी.

म्हाताऱ्याने माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"पडला का सायब डोंगर?"

मी म्हणालो, "अजून नाही."

"पडंल," तो म्हणाला. माझी समजूत घातल्यासारखा.

तो बाजेवरच गेला, त्याच हिवाळ्यात, असं मला मागून कळलं. टेकडीची भिंत आजही उभी आहे. काही वर्षं तिच्याखाली तारेचं कुंपण होतं, मग कारखान्याने ते काढलं आणि तिथेच गोदाम बांधलं. अहवालाचं काय झालं हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. त्या गोदामात रोज माणसं येतात, जातात, भिंतीला टेकून डबे खातात.

बाईही आता नाहीत. जाऊन बरीच वर्षं झाली. मी बातमी ऐकली आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहितो, कारण सगळं लिहायचं ठरवलं आहे — सुटलो, असं आलं.

त्यांना मी शेवटचं भेटलो ते ऐंशीचं दशक निम्मं उलटल्यावर, राजगुरुनगरच्या एस.टी. स्टँडवर. मी कामाहून परतत होतो. त्यांनीच मला पाहिलं आणि "अरे!" म्हणून हाक मारली. केस पांढरे झाले होते, चेहरा तोच. बरोबर शाळेतल्या एक बाई होत्या. पाटणकरबाईंनी माझा दंड धरून मला त्यांच्यासमोर उभं केलं.

"हाच तो," त्या म्हणाल्या. "मी नेहमी सांगते ना, माझी चूक ज्याने पकडली तो. नाहीतर वीस घरं गाडली गेली असती. मुलांना दर वर्षी सांगते मी, डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर विसंबू नका."

दुसऱ्या बाईंनी मला नमस्कार केला. मी म्हणालो, "तसं काही नाही हो बाई." पाटणकरबाई हसल्या. त्यांना तो माझा विनय वाटला.

गाडी लागली होती. मी चढलो, खिडकीशी जागा मिळाली. ड्रायव्हर चहा घ्यायला गेला होता, त्यामुळे गाडी लगेच सुटली नाही. बाई खिडकीखाली उभ्या राहिल्या, माझ्याशी बोलत. वडील कसे आहेत, विचारलं. लग्न केलंस का, विचारलं. बोलायला भरपूर वेळ होता, आणि ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. शाळेतल्या बाई कधीच पुढे गेल्या होत्या. मी वडिलांबद्दल सांगितलं. लग्नाबद्दल सांगितलं. मग ड्रायव्हर आला.